तोंड बघितल्याशिवाय किल्ली नाही

माझा भाऊ निष्काळजी होता असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांची तोंडं मी नीट लक्षात ठेवली आहेत. कोपऱ्यावरचा दुकानदार, त्याची बायको, आणि समोरच्या जिन्यातली ती बाई, जिला स्वतःच्या घराचा गॅस बंद करायचं भान राहत नाही. "कुलूप न लावताच खड्ड्यात उतरला म्हणे. तरुण पोरं, दुसरं काय!" आणि वर च् च् च्. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून सगळ्यांना कंठ फुटतो.

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात त्याला बुटक्या म्हणायचे. लहानपणी तो खरंच बुटका होता. पुढे अंगाने असा काही सुटला की आईच्या दारातून मान वाकवून आत यायचा. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. माझा नवराही त्याच कंपनीत, त्याच कामावर, आणि कामाला दोघांची जोडी. नवरा मितभाषी, देवभोळा, पायाखाली मुंगी आली तर थांबणारा. बुटक्या बडबड्या, चिडवण्यात पटाईत. लिफ्टच्या कामाला हात लावायच्या आधी माझा नवरा डोळे मिटून एक ओळ पुटपुटायचा: "देवा, वर तू, खाली मी, मधे दोरी." बुटक्या लगेच विचारायचा, "भाऊजी, दोरी तुटली तर तुम्हाला तो पकडणार की मी?" आणि माझा नवरा शांतपणे सांगायचा, "तो तुलाच पाठवेल."

आता लिफ्टचा एक नियम सांगते, कारण तो कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो आणि गच्चीवर मशीनची खोली. खड्ड्यात काम असेल तर आधी मशीनच्या खोलीतला मोठा स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं कुलूप अडकवायचं. दाबलं की लागणारं कुलूप. काढायलाच काय ती किल्ली लागते. प्रत्येक माणसाच्या कुलपाला आणि किल्लीला एक रंग. बुटक्याचा लाल, माझ्या नवऱ्याचा निळा. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. तो बाहेर येऊन स्वतःच्या हाताने कुलूप काढत नाही तोवर जगबुडी झाली तरी लिफ्ट हलायची नाही.

ती हलली. बुटक्या खड्ड्यात होता आणि लिफ्ट खाली आली. याहून जास्त मी त्याबद्दल सांगणार नाही.

सुपरवायझर म्हणाला, मी गच्चीवर गेलो तेव्हा स्विचला कुलूप नव्हतंच, म्हणून मी चालू केला. मालक म्हणाले, फार वाईट झालं, पण पोराने नियम पाळला नाही. आणि माझा नवरा, जो त्या वेळी त्याच गच्चीवर होता, काहीच म्हणाला नाही. घरी आला, कोपऱ्यात गुडघे टेकून बसला, आणि तिथून उठेना. मी चहा ठेवला, तो गार झाला. मी विचारलं, "अहो, तुम्ही तिथे होतात. कुलूप होतं की नव्हतं?" उत्तर नाही. ओठ मात्र हलत होते. मला त्या हलणाऱ्या ओठांचा इतका संताप आला की हातातला कप मी मोरीत आपटला. माझा भाऊ गेला, माझ्या म्हाताऱ्या आईला शेजारीपाजारी टोचून खातायत, आणि या माणसाला देवाशी गप्पा सुचतायत!

देवावरही माझा राग होता. त्यात लपवायचं काय? बुटक्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

कंपनीचे मालक मोठे धार्मिक. वर्कशॉपच्या भिंतीवर त्यांनी एक लांबलचक पाटी लावून घेतली आहे: "देव सगळं पाहतो." रोज काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी त्या पाटीखाली उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि मालकांनी आपल्या घोटीव आवाजात प्रार्थना सांगायची. बुटक्या म्हणायचा, "ताई, आम्ही डोळे मिटले की सुपरवायझर उघडतो, कोण उशिरा आलं ते बघायला. देवाचं अर्धं काम त्यानेच घेतलंय अंगावर."

तर असे हे मालक एका दुपारी आमच्या घरी आले. सुपरवायझर सोबत होता, पण तो दारातच उभा राहिला, बुटांकडे बघत. मालक घरातल्या एकमेव धड खुर्चीवर बसले, डोळे मिटले, आणि माझ्या भावासाठी प्रार्थना केली. सुंदर प्रार्थना होती. त्यातल्या प्रत्येक शब्दाला साखर लावली होती.

डोळे उघडून ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "परवा सरकारी बाई येतायत चौकशीला. आपल्याच वर्कशॉपमध्ये बसतील. तुला विचारतील. तू एवढंच सांगायचं, कुलूप मी पाहिलं नाही. बस. वाढवायचं नाही."

माझा नवरा जमिनीकडे बघत राहिला.

"देवाने नेलं त्याला," मालक म्हणाले. "देवाच्या मर्जीत आपण ढवळाढवळ करायची नसते."

मला राहवलं नाही. "गच्चीवर जाऊन स्विच देवाने चालू केला का हो?"

दारातला सुपरवायझर दचकला. मालक मात्र हसले, आजारी मुलाकडे बघून हसतात तसे. "वहिनी, दुःखात माणूस असं बोलतो. तुमचा राग मला कळतो." मग पुन्हा नवऱ्याकडे वळून, आवाज आणखी मऊ करून: "मी हे तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, बरं का. खोलात गेलं तर पहिल्यांदा कोण बुडेल, ते तुला माहीत आहे. मला कुणाचं घर उद्ध्वस्त झालेलं बघवत नाही."

माझा नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "मालक, शपथ कुणाच्या नावाने घ्यायची असते?"

"कुठली शपथ?"

"चौकशीत."

"देवाच्या नावाने. ते नेहमीचंच असतं रे, म्हणायचं आणि पुढे जायचं."

"बरं," माझा नवरा म्हणाला.

ते गेले. पण मालकांचं एक वाक्य मागे राहिलं, घरात वास राहावा तसं. पहिल्यांदा कोण बुडेल. म्हणजे काय? कुलूप लावलं नाही बुटक्याने, असं तुम्हीच म्हणता. मग माझा नवरा कशाला बुडेल?

हॉस्पिटलमधून आलेलं बुटक्याच्या कपड्यांचं गाठोडं तोवर मी उघडलं नव्हतं; त्याच्या हत्यारांच्या पिशवीशेजारी ते तसंच पडून होतं. आईकडे दिलं नव्हतं, माझी हिंमतही झाली नव्हती. त्या दुपारी मी ते सोडलं. मी युनिफॉर्म शिवायच्या दुकानात मशीनवर बसते; कंपनीच्या सगळ्या निळसर डांगऱ्या आमच्याच दुकानात शिवल्या जातात. त्यातल्या दोनच डांगऱ्यांना मी आतून, छातीवर, बटणाचा एक जास्तीचा खिसा लावला होता. एक नवऱ्याच्या, एक भावाच्या. किल्ली पडू नये म्हणून. आमच्या दुकानाच्या शेठच्या नकळत, उरलेल्या कापडाचा.

बुटक्याच्या डांगरीचा तो खिसा शाबूत होता. बटण लावलेलं. मी ते काढलं आणि किल्ली हातावर घेतली.

ती निळी होती.

मग किल्ली तशीच मुठीत धरून बाहेरच्या खोलीत गेले. "अहो, तुमची किल्ली बुटक्याच्या खिशात कशी?"

त्याने वर पाहिलं. मी मूठ उघडून दाखवली. माझ्या नवऱ्याचा चेहरा असा झाला की जणू तो इतके दिवस याच प्रश्नाची वाट बघत होता आणि याच प्रश्नाला घाबरतही होता.

"आम्ही बदलायचो," तो म्हणाला.

"काय बदलायचात?"

"किल्ल्या. जोडीने काम सुरू केलं त्या दिवसापासून. त्याचीच कल्पना. म्हणाला, 'भाऊजी, स्वतःची किल्ली स्वतःच्या खिशात असली की माणूस घाई करतो. वर येऊन कुलूप काढून बसतो आणि मग आठवतं, पाना खड्ड्यातच राहिला, की उतरला परत. त्यापेक्षा माझी किल्ली तुमच्याकडे, तुमची माझ्याकडे. एकमेकांचं तोंड बघितल्याशिवाय किल्ली नाही.'" तो थांबला. "नियमाच्या विरुद्ध होतं. पण मला आवडलं. वाटलं, त्याचा जीव माझ्या छातीवर आहे तर मी जास्त जपेन."

"म्हणजे लाल किल्ली तुमच्याकडे होती."

"हो."

"आणि कुलूप होतं."

"होतं. माझ्यासमोर त्याने लावलं. मग खाली गेला. जाताना म्हणाला, लवकर आवरू, आज ताईकडे जेवायचंय."

"मग लाल किल्ली कुठे आहे?"

त्याने हात उघडून आपल्या रिकाम्या तळव्यांकडे पाहिलं. "सुपरवायझर वर आला. खाली मोठे लोक खोळंबले होते, इमारतीचे मालक, त्यांचे पाहुणे. दुसरी लिफ्ट बंद. तो म्हणाला, किल्ली दे, चालू कर. मी म्हटलं, मेहुणा खाली आहे. तो म्हणाला, नाही, तो बाहेर आलाय, मी आत्ताच बघितलं. मी म्हटलं, तोंड बघितल्याशिवाय आम्ही किल्ली देत नाही. मी खाली जाऊन बघून येतो. तर तो म्हणाला…" त्याने तळवे मिटले. "तो म्हणाला, देवाशपथ बाहेर आलाय."

"आणि तुम्ही दिलीत."

"हो."

"एका शब्दावर!"

"देवाचं नाव घेतलं होतं त्याने."

माझ्या हातातली डांगरी मी त्याच्या अंगावर भिरकावली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. "जगात लोक उठता बसता देवाशपथ म्हणतात! भाजीवाला म्हणतो, चोर म्हणतो, दारू पिऊन आलेला नवरा म्हणतो! तुम्ही कुठल्या जगात राहता?" माझा नवरा असा माणूस आहे की जो साधं बोलताना कधी शपथ घेत नाही. त्याच्या लेखी देवाचं नाव मधे आलं की ते वाक्य पक्कं झालं. आपल्यावरून जग ओळखायला गेला. हा भोळेपणा नाही, हा गुन्हा आहे, असं मी त्याला ओरडून सांगितलं. "माझ्या आईचा मुलगा तुमच्या हातून गेला. आणि वर इतके दिवस देवासमोर बसलात!"

"बसलो नव्हतो," तो म्हणाला. "लपलो होतो. तो विचारत होता आणि मी उत्तर टाळत होतो. म्हणून आणखी आणखी प्रार्थना करत होतो."

मी गाठोडं बांधलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्या क्षणापासून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

आता माझी पंचाईत बघा. तो खोटं बोलला, तर माझा भाऊ कायमचा निष्काळजी ठरणार, आणि माझी आई त्याच शिक्क्यासकट मरणार. तो खरं बोलला, तर माझाच नवरा नोकरीवरून जाणार, कदाचित तुरुंगात जाणार. आपलेच दात, आपलेच ओठ. मालकांनी हे सगळं आधीच जोखलं होतं. सुपरवायझरने त्यांना सगळं सांगितलेलं असणार. म्हणूनच त्यांचा आवाज इतका मऊ होता. माझ्या भावाच्या मढ्यावर बसून ते माझ्याच नवऱ्यावर उपकार करत होते.

पण रागाचा एक फायदा असतो. माणूस फार वेळ डळमळत नाही. मी निळी किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि ठरवलं: हा चौकशीत खोटं बोलला, तर तिथल्या तिथे ही किल्ली टेबलावर आपटायची आणि म्हणायचं, विचारा याला, लाल कुठे आहे. मग तुरुंगात गेला तरी चालेल. त्याला हे ठाऊक होतं का? किल्ली माझ्याकडे आहे एवढं ठाऊक होतं. त्याने ती मागितली नाही.

चौकशीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्याच पाटीखाली टेबल मांडलं होतं. सगळे कामगार भिंतीला टेकून उभे, मान खाली. सगळ्यांनी मूग गिळले होते. भिंतीवर जिथे कुलपं टांगायच्या रंगीत खुंट्या आहेत, तिथे नव्या सूचना चिकटवल्या होत्या, ठळक अक्षरात: कुलूप लावा, जीव वाचवा. बैल गेला आणि झोपा केला! मालक पहिल्या रांगेत बसले होते, हातांची बोटं एकमेकांत गुंफून. चौकशीच्या बाईंना सर्दी झाली होती. दर थोड्या वेळाने नाक पुसत होत्या. पण डोळे तेज होते.

आई आली नव्हती. "माझ्या पोराला निष्काळजी म्हणताना मला ऐकवणार नाही," म्हणाली होती.

आधी सुपरवायझर उभा राहिला. "देवाला स्मरून खरं सांगेन," हे त्याने असं म्हटलं, जसा टपरीवर चहा सांगावा. मग घडाघडा बोलला. कुलूप नव्हतं. खाली कुणी आहे हे माहीत नव्हतं. फार वाईट वाटतं. तो खाली बसला तेव्हा मालकांनी हलकीशी मान डोलावली.

मग माझ्या नवऱ्याला बोलावलं. बाईंनी शपथेचे शब्द सांगितले. बाईंनी पुन्हा सांगितले.

"थांबा बाई," तो म्हणाला. "हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा म्हणतोय. जरा वेळ लागेल."

कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या नवऱ्याने डोळे मिटले. ओठ हलले, आणि मला न ऐकताही कळलं की तो काय म्हणतोय. वर तू, खाली मी. या वेळी मधे दोरीदेखील नव्हती. मी पाटीकडे बघून मनातल्या मनात म्हटलं, सगळं पाहतोस ना? मग आता पाहा. आणि पदराची गाठ सोडायला घेतली.

त्याने डोळे उघडले आणि शपथ घेतली. एकेक शब्द सुटा.

"कुलूप होतं," तो म्हणाला. "लाल कुलूप. माझ्या मेहुण्याने माझ्यासमोर लावलं. त्याची किल्ली माझ्याकडे होती. सुपरवायझरने मागितली. मेहुण्याचं तोंड बघितल्याशिवाय मी ती द्यायला नको होती. मी दिली. यांनी कुलूप काढलं आणि स्विच चालू केला. माझा मेहुणा निष्काळजी नव्हता. निष्काळजी मी होतो, आणि हे खोटं बोलले."

सुपरवायझर ताडकन उठला. "साफ खोटं! स्वतःची कातडी वाचवतोय!"

"कातडी वाचवायची असती तर हे कशाला सांगितलं असतं?" बाई रुमाल खाली घेत म्हणाल्या.

मग मालक उठले. त्यांचा तो साखरेचा आवाज. "मॅडम, बिचाऱ्याची जोडी तुटली. डोक्यावर परिणाम झालाय. स्वतःला दोष देतोय. आम्ही सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतोय."

"कुलूप होतं याला काही पुरावा?" बाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "कुलूप-किल्ली यांनी नेली. देव सोडला तर मला साक्षीदार नाही."

मालकांच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. हसूसुद्धा नाही, सुटका. इतकी वर्षं ज्याच्या नावाची पाटी डोक्यावर लावून हा माणूस उभा राहिला, त्या देवाची साक्ष ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं! मला ते दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

मी पुढे गेले. आपटायची म्हणून आणलेली किल्ली मी टेबलावर नीट ठेवली. "ही माझ्या नवऱ्याची किल्ली. निळी. माझ्या भावाच्या डांगरीत सापडली, मी स्वतः शिवलेल्या खिशात. याची त्याच्याकडे, तर त्याची याच्याकडे. हे दोघं बदलायचे."

"कुणाचीही किल्ली असेल," सुपरवायझर म्हणाला.

मी भिंतीवरच्या खुंट्यांकडे वळले. निळ्या खुंटीला निळं कुलूप होतं. मी ते काढून बाईंपुढे ठेवलं, किल्ली घातली, उघडलं. आणि तेव्हा, रागाच्या भरातच, मला त्या भिंतीवर आणखी काहीतरी दिसलं. त्याच्या शेजारची लाल खुंटी रिकामी होती.

"कुलूप लावलंच नव्हतं ना?" मी सुपरवायझरला विचारलं. "मग ते इथे टांगलेलं हवं. भावाची हत्यारांची पिशवी माझ्याकडे आहे, तिच्यातही नाही. न लावलेलं कुलूप गेलं कुठे? चालत गेलं?"

नव्या सूचना चिकटवताना सगळ्यांचे हात त्या खुंटीजवळून गेले होते, आणि एकालाही ती दिसली नव्हती.

भिंतीजवळून घसा खाकरल्याचा आवाज आला. दोरांचं काम बघणारा म्हातारा कामगार होता. "बाई, हे दोघं किल्ल्या बदलायचे," तो म्हणाला. "आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही चेष्टा करायचो त्यांची." मग आणखी एकजण बोलला. मग तिसरा.

आत्ता कंठ फुटला! मला त्यांचाही राग आला. इतके दिवस कुठे होतात? एका माणसाने स्वतःची मान सुरीखाली ठेवल्यावर यांना वाचा आली. पण आली, हेही खरं.

बाईंनी सुपरवायझरला विचारलं, "लाल कुलूप कुठे आहे?" त्याने फक्त मालकांकडे पाहिलं. मग बाईंनीही मालकांकडे पाहिलं, आणि गुंफलेली बोटं सुटली.

पुढे बरंच काही झालं, होईल. सुपरवायझरला बोलावणी सुरू झाली, मालकांनाही. माझ्या नवऱ्यावरही ठपका आला. तो टळणार नव्हता. नोकरी तर वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडायच्या आत गेली. मालकांनी तेवढ्यासाठी प्रार्थना केली नाही.

आम्ही आईच्या घरी निघालो. मी पुढे, तो मागे. मी अजून त्याच्याशी बोलत नव्हते. आईच्या गल्लीच्या तोंडाशी मी थांबले आणि म्हटलं, "आईला मी सांगते." मला वाटलं, तेवढं तरी त्याच्या अंगावर नको.

"नाही," तो म्हणाला. "तिथे सांगणं सोपं होतं. इथे मीच सांगतो."

आईने दार उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. तो दाराबाहेरच उभा राहिला आणि सगळं सांगितलं. किल्ली, शपथ, सुपरवायझर. जसं चौकशीत सांगितलं तसंच. स्वतःच्या बाजूने एक शब्द जास्त नाही, विरुद्ध एक शब्द कमी नाही. शेवटी म्हणाला, "बुटक्याची चूक नव्हती, आई. माझी होती."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. खाली बघत नव्हती, रडत नव्हती, त्याचं तोंड बघत होती. बुटक्या गेल्यापासून मीसुद्धा त्याच्याकडे असं नीट पाहिलं नव्हतं. तेव्हा मला दिसलं की माझ्या नवऱ्याचे केस कानाजवळ पांढरे झालेत.

"माझं पोर निष्काळजी नव्हतं," आई म्हणाली.

"नव्हतं."

"हे सगळ्यांसमोर सांगितलंत?"

"हो."

आई बाजूला झाली. "जेवून जा," ती म्हणाली. "पण माझ्याशी बोलू नका."

आम्ही जेवलो. म्हणजे त्याच्या ताटात मी वाढलं आणि त्याने खाल्लं, मान खाली घालून, घास अडकत अडकत. आई भिंतीला टेकून बसली होती. ताटं उचलली, मी हात धुतले, चपला घातल्या. तो आधीच बाहेर जाऊन उभा होता.

आईने मला मागे बोलावलं. आवाज रागाचाच होता. "त्यांना सांग," ती म्हणाली, "उद्याही जेवायला यायचं म्हणावं."

माझा राग गेलेला नाही. सुपरवायझरवर आहे, मालकांवर आहे, त्या पाटीवर आहे. नवऱ्यावरही आहे, आणि वर जो बसलाय त्याच्याशी तर माझं भांडण चालूच राहणार आहे. पण बाहेर अंगणात माझा नवरा खांदे पाडून उभा होता, आणि त्याने जन्मात पहिल्यांदा घेतलेली शपथ त्याने पाळली होती. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याचं तोंड बघितलं.

"उद्याही यायचंय," मी म्हटलं. "चला."